रिश्टरची ‘एकच शैली’ शोधत बसू नका

तुमचे प्रबंधाचे गाइड म्हणतात, ‘जर्मन चित्रकार गेरहार्ड रिश्टर घे, पण धूसर फोटोचित्रं (फोटोंवरून रंगवलेली) की अमूर्तं ते ठरव’, आणि तुम्ही विचारताय की तो अमूर्ताकडे नेमका कधी वळला. आमच्या विद्यापीठातल्या एका विभागाने मला हेच छापील अर्जात विचारलं होतं. ‘चित्रकाराची शैली’ असा रकाना. मी दोन्ही लिहिल्या. शेरा आला: ‘एकच नमूद करावी’. खुलासा जोडला, तरी अर्ज परत. टेबलापलीकडच्या गृहस्थांना चित्रं दाखवायला गेलो तर म्हणाले, ‘चित्रांचं इथे काय काम?’ अख्खं सत्र त्यात गेलं. शेवटी ‘तैलचित्रण’ लिहिलं, लगेच मंजूर! तुम्हीही तेच करा.

आता उत्तर. तो वळलाच नाही. १९८८ हे एकच वर्ष बघा: बाडर-माइनहोफ या पश्चिम जर्मनीतल्या अतिडाव्या दहशतवादी गटावरची १५ करडी चित्रं, पाठमोऱ्या मुलीचं लख्ख ‘बेटी’, आणि शेजारी स्क्वीजीने, म्हणजे रुंद पट्टीने, रंग ओढलेली अमूर्तं चालूच. रंगतक्ते (दुकानातल्या रंगांच्या नमुन्यांसारखे नुसते रंगीत चौकोन) १९६६पासूनचे, म्हणजे जिना उतरणाऱ्या ‘एमा’ या फोटोचित्राच्याच वर्षीचे. तोच धागा २००७ साली कोलोन कॅथेड्रलच्या खिडकीत येतो, सुमारे ११,५०० काचांमध्ये. कम्युनिस्ट पूर्व जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये सरकारमान्य शैलीत शिकून, बर्लिनची भिंत उभी राहण्याच्या काही महिने आधी पश्चिमेत आलेल्या माणसाला ‘एकच शैली’ची ॲलर्जी असणारच. (हे माझं मत. मी समीक्षक नाही, प्रबंधात जसंच्या तसं घालू नका.)

चरित्र चित्रांवर चिकटवताना मात्र जपून. ‘मावशी मारियान’ १९६५चं. त्या मावशीला नाझींनी मनोरुग्ण म्हणून मारलं. रिश्टरचा तेव्हाचा सासरा सक्तीच्या नसबंदी शस्त्रक्रिया करणारा, नाझींच्या एसएस संघटनेतला डॉक्टर होता, हे एका पत्रकाराने जवळजवळ चाळीस वर्षांनी उजेडात आणलं. तरी लोक त्या चित्रात सासऱ्यावरचा आरोप वाचतात. वैताग येतो.

आणि प्रत्येक चित्राबरोबर सालासोबत कृतिक्रमांकही द्या, म्हणजे रिश्टरच्या स्वतःच्या कामांच्या यादीतला क्रमांक. क्रमांक १ म्हणजे १९६२चं ‘टेबल’. ड्रेस्डेनची कामं, अगदी हायजीन म्युझियममधलं १९५६चं भित्तिचित्रसुद्धा, त्याने स्वतःच यादीबाहेर ठेवली आहेत. त्यामुळे ‘सुरुवातीचं काम’ लिहाल तिथे कुठली सुरुवात ते स्पष्ट करा, नाहीतर व्हायवात अडकाल.