सासर बेने इस्रायल, धर्मांतर अश्केनाझी: घरात रीत कुणाची?

तुमच्या प्रश्नाचा मथितार्थ असा: न्यू जर्सीत अश्केनाझी (युरोपीय ज्यू परंपरेच्या) ऑर्थोडॉक्स बेथ दीनसमोर, म्हणजे धार्मिक न्यायमंडळासमोर, तुम्ही ज्यू धर्म स्वीकारलात आणि लग्न ठरलंय ठाण्याच्या बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू समाजातल्या मुलाशी. तुम्हाला शिकवणारे सांगतात, पेसाहला (वल्हांडणाच्या सणाला) भात वर्ज्य. सासूबाई म्हणतात, भाताशिवाय आठ दिवस काढायचे कसे? मग ऐकायचं कुणाचं?

लग्नानंतर नवऱ्याच्या घरचा मिनहाग, म्हणजे धार्मिक रिवाज, पाळायचा, हे सरळ उत्तर. अल्जिअर्सचे रब्बी (ज्यू धर्मगुरू) शिमोन बेन त्सेमाह दुरान यांनी पंधराव्या शतकातच याचं कारण देऊन ठेवलंय: दोघं एकाच ताटावर बसणार आणि एकाला चालतं ते दुसऱ्याला वर्ज्य, असा संसार होत नाही. विसाव्या शतकात न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनीही हेच सांगितलं. तुमच्या बाबतीत तर माहेरचा ज्यू मिनहागच नाही. आज जो आहे तो तुम्हाला शिकवणाऱ्या समाजाचा. म्हणून तो कमी प्रतीचा ठरत नाही. लग्नाच्या दिवसापर्यंत तो पूर्ण पाळा.

पण भाताच्या आधी तीन गोष्टी तपासा, कारण त्या चुकल्या तर लग्नच अडतं.

पहिली, मुलगा कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला, नाही ना? धर्मांतर केलेल्या स्त्रीचं लग्न ऑर्थोडॉक्स रब्बी कोहेनशी लावत नाहीत, आणि यातून पळवाट नाही. बेने इस्रायलांची 'कर' आडनावं कोकणातल्या गावांवरून पडलेली, त्यामुळे आडनावावरून काही कळत नाही. 'आजोबांना सिनेगॉगमध्ये तोराच्या वाचनाला पहिले बोलावत का, ते हात पसरून समाजाला आशीर्वाद देत का,' असं सासऱ्यांना सरळ विचारा. साखरपुड्याआधी विचारलेलं बरं.

दुसरी, नव्वद दिवस. मिक्व्यात (विधिस्नानाच्या कुंडात) बुडी घेतल्याच्या दिवसापासून साधारण तीन महिने लग्न लावत नाहीत, म्हणजे पुढे मूल झालं तर त्याचा गर्भ धर्मांतराआधीचा की नंतरचा अशी शंका राहत नाही. हॉल बुक करण्याआधी कॅलेंडर बघा.

तिसरी, खेतूबा, म्हणजे लग्नाचा करारनामा. गडबड सगळ्यात जास्त इथेच होते. छापील नमुन्यात वधूसाठी कुमारिकेचा शब्द आणि २०० झूझ (जुनं चांदीचं नाणं) ही रक्कम असते. तुमच्यासाठी 'गियोरता' (धर्मांतर केलेली) आणि १०० झूझ हवं, आणि वडिलांच्या नावाच्या जागी 'बाथ अव्राहाम अवीनू' (आपला पिता अब्राहाम याची मुलगी). हझानने (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याने) सवयीने छापील कागद भरला तर चूक खुप्प्याखाली (लग्नाच्या छताखाली) मोठ्याने वाचताना लक्षात येते, आणि तेव्हा पाहुणे ताटकळतात. कच्चा मजकूर दोन आठवडे आधी रब्बीकडून तपासून घ्या. १०० या आकड्याचं वाईट वाटून घेऊ नका. वरची जादा रक्कम दोन्ही घरं ठरवतात आणि सेफार्दी (स्पेन आणि पूर्वेकडच्या ज्यूंच्या, सासरच्याही) पद्धतीत ती खरोखर बोलून ठरते.

पुढे इस्रायलला राहायचा विचार असेल तर धर्मांतराचं मूळ प्रमाणपत्र हातात ठेवा आणि तुमचं बेथ दीन तिथल्या रब्बीनातला (सरकारमान्य रब्बी मंडळाला) मान्य आहे का हे आत्ताच विचारा. नवऱ्याच्या बाजूचा प्रश्न १९६४ साली सुटला. त्याआधी बेने इस्रायलांना लग्नासाठी पूर्वजांची चौकशी सोसावी लागे, आणि त्याविरुद्ध त्यांनी मोठं आंदोलन केलं. सासरचे लोक कागदपत्रांच्या विषयावर हळवे झाले तर त्यामागे हे आहे, एवढं लक्षात असू द्या.

लग्नविधी सासरच्या पद्धतीने झाला तर तुम्ही शिकलेल्या काही गोष्टी दिसणार नाहीत: नवऱ्याभोवती सात फेरे, त्याने येऊन चेहऱ्यावर बुरखा घालणं, खुप्प्यानंतर दोघांनी बंद खोलीत बसणं. सेफार्दी रब्बी सहसा हॉलमधली ती खोली मान्यच करत नाहीत. त्याऐवजी आदल्या दिवशीची मेंदी असेल आणि तुम्ही आत येताना नवरा स्वतः हिब्रू गीत म्हणेल. हौस म्हणून सात फेरे घ्यायचे असतील तर रब्बीला आधी विचारा. ऐन वेळी विषय काढला तर त्यांना नाही म्हणणंच सोपं पडतं.

आता भात. बेने इस्रायल सेफार्दी परंपरेने चालतात, म्हणून तांदूळ, डाळी, चणे चालतात. पण 'चालतो' म्हणजे पोतं उघडलं आणि शिजवला, असं नाही. पेसाहच्या आधी तांदूळ तीन वेळा निवडायचा, कारण शेतात, पोत्यात किंवा गिरणीत गहू-जव मिसळलेला असू शकतो. पांढरं ताट, खिडकीचा उजेड, एका वेळी एक-दोन मुठी, दाणे एकाच थरात पसरलेले. गव्हाच्या दाण्याला मधोमध चीर असते, ती डोळ्यांना ओळखीची झाली की काम भराभर होतं. तिन्ही वेळा सलग बसू नका, डोळे थकले की दाणा निसटतो. पॉलिश केलेला पांढरा तांदूळच घ्या, लालसर तांदळात गहू लपतो. जीवनसत्त्वं लावलेला तांदूळ पेसाहसाठी घेऊ नका.

आणि हिंग! तांदूळ तीनदा निवडून वरणाला फोडणी मात्र बाजारातल्या डबीतल्या हिंगाची, ही चूक भल्याभल्या घरांत होते. बांधानी हिंगात बहुतेक वेळा मैदा असतो, म्हणजे तो सरळ हामेत्स, पेसाहला वर्ज्य असलेलं गहू-जवाचं अन्न. त्यापुढे अश्केनाझी-सेफार्दी हा भेदच उरत नाही. जिऱ्यातही धान्याचे दाणे सापडतात, तेही निवडा. पोहे गिरणीत काय-काय लागून येतात ते कळत नाही, म्हणून पेसाहच्या देखरेखीशिवायचे पोहे टाळा.

एरवीच्या स्वयंपाकात मटण नारळाच्या रसात शिजतं. ताट समोर आलं की नव्याने शिकलेल्या माणसाला मांस आणि दूध ही वर्ज्य जोडी एकत्र दिसते. तो नारळ आहे, दूध नाही. अश्केनाझी परंपरेत मांसाबरोबर बदामाचं दूध असेल तर बघणाऱ्याचा गैरसमज होऊ नये म्हणून शेजारी चार बदाम ठेवायची रीत आहे. मन शांत होत नसेल तर तुम्हीही खोबऱ्याची वाटी ठेवा, सासूबाईंना त्याचं कारण सांगा.

तुम्हाला सगळ्यात जड जाईल असं मला वाटतं ते बेराखांचं, म्हणजे आशीर्वचनांचं. लुलाव (सुक्कोथच्या सणातली खजुरीची फांदी) हातात घेताना बेराखा म्हणायला तुम्ही मेहनतीने शिकलात, आणि बरेच सेफार्दी रब्बी बायकांनी ती म्हणू नये असं सांगतात. शब्बाथच्या दिव्यांचंही तसंच: तुम्ही आधी दिवे लावून, डोळे झाकून बेराखा म्हणता, इथे अनेक घरांत बेराखा आधी. या बाबतीत सासरी गप्प बसून राहू नका. काही रब्बी पूर्वीची सवय चालू ठेवू देतात, म्हणून एकेका रिवाजाचं नाव घेऊन प्रश्न विचारा. फक्त दोन्हीकडच्या सवलती गोळा करू नका. भात इकडून घेतला तर मांसानंतर दुधासाठी सहा तास थांबणंही इकडचंच.

मलिद्याची गोष्ट वेगळी. तो हलाखा (धर्मशास्त्राचा नियम) नाही, कोकणातल्या बेने इस्रायल घरांची परंपरा आहे. गोड पोहे, ओला नारळ, सुकामेवा, फळं ताटात मांडून एलियाहू हनाबीची (एलिया प्रेषिताची) आठवण करतात. धर्मांतर केलेल्यांना तो पूजेच्या प्रसादासारखा दिसतो आणि त्या मागे सरतात. जवळ बसून ऐका: फळाची, सुगंधाची बेराखा वेगवेगळी म्हटली जाते, सगळं हिब्रूत. मंगळसूत्र, बिरड्याच्या सणाला (आव महिन्याच्या नवमीच्या उपासाला) बिरडं करणं हेही घरचेच संस्कार, उपास मात्र धर्माचाच. आवडीने घ्या, पण कुणी ते धर्माचा नियम म्हणून लादलं तर रब्बीला विचारते म्हणा.

रीत बदलताना तीन जणांसमोर नवस सोडवण्याचा छोटा विधी काही रब्बी करायला लावतात, काहींच्या मते लग्नामुळे त्याची गरज नाही. लग्न लावणाऱ्या रब्बीलाच विचारा. आणि लग्न पेसाहनंतर असेल तर यंदा तुम्हाला भात नाही. सासूबाईंच्या टेबलावर बसा, त्यांच्या भांड्यांतलं बाकीचं जेवा, भांड्यांना बहुतेक रब्बींची हरकत नसते. भाताचं पातेलं तेवढं पुढे सरकवा.