एक्सटर्नल हार्ड डिस्क मधेच डिस्कनेक्ट होते, गेली का?

लगेच गेली म्हणू नका. सीपीयूच्या पुढच्या पोर्टला लावली की गायब होते आणि लॅपटॉपवर नीट चालते म्हणताय, म्हणजे बहुतेक पॉवर कमी पडतेय, कारण यूएसबी २.० पोर्टला ५०० मिलीअँपियरचीच मर्यादा, ३.० ला ९००, आणि आतली तबकडी फिरायला लागते तेव्हा डिस्क जास्त खेचते. मागच्या पोर्टला डायरेक्ट लावा, हब (एका पोर्टचे अनेक करणारा डबा) नको. केबल पण बदला, डिस्कच्या टोकाचा तो चपटा मायक्रो-बी कनेक्टर ढिला होतोच, जरा हात लागला की लाईट विझते, ठाण्यात नौपाड्यात कुठल्याही कॉम्प्युटरवाल्याकडे मिळेल. तरी तेच, तर क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये पेंडिंग सेक्टर, म्हणजे वाचता न येणाऱ्या संशयित जागांचा आकडा बघा, शून्याच्या वर दिसले तर आधी डेटा कॉपी, चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी-दुरुस्ती) नंतर. आणि टकटक आवाज आला तर लावूच नका, "इथेच उघडून देतो" म्हणणाऱ्या दुकानदाराला तर अजिबात देऊ नका, आत धूळ गेली की डेटा पण गेला.