गुडघे थकल्यावर नृत्यशिक्षिकेच्या करिअरमध्ये काय उरतं?

तुम्ही विचारलंय, की बेचाळिसाव्या वर्षी गुडघे दुखायला लागले, कार्यक्रम थांबले, आता "नुसते क्लासच" उरलेत, तर याला करिअर म्हणायचं का? मी पंचवीस वर्षं कथक शिकवतेय. मला तो "नुसते" शब्द फार लागला, म्हणून सेनेगलच्या नर्तकी आणि नृत्यशिक्षिका जर्मेन अकोन्यी यांच्याबद्दल लिहिते.

त्यांचा जन्म १९४४ चा, बेनिनमधला, वाढल्या सेनेगलमध्ये. पॅरिसला शारीरिक शिक्षणाचं शिक्षण घेऊन परतल्या, शाळेत पी.टी. शिकवू लागल्या आणि १९६८ मध्ये सेनेगलच्या राजधानीत, डाकारला, स्वतःचा नृत्यवर्ग काढला. पश्चिम आफ्रिकेत लग्नात, बारशाला, अंगणात बघून-बघून पोरं नाचायला शिकतात. अकोन्यींनी त्या नाचांचा एकेक तुकडा सोडवून पाहिला आणि कुणालाही पायरीपायरीनं शिकवता येईल अशी पद्धत बांधली. तिचं मूळ पाठीच्या कण्यात. कण्याला त्या जीवनवृक्ष म्हणतात. छाती म्हणजे सूर्य, नितंब म्हणजे चंद्र. हालचालींना झाडांची नावं आहेत, त्यात पांढऱ्या सावरीचंही. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच, रंगमंचावरच्या कामापेक्षाही मोठं.

१९७७ मध्ये फ्रेंच नृत्यदिग्दर्शक मोरिस बेजार आणि सेनेगलचे राष्ट्राध्यक्ष सेंगोर यांनी डाकारला 'मुद्रा आफ्रिक' ही नृत्यशाळा उभारली (हो, नावात आपलीच 'मुद्रा'!) आणि ती अकोन्यींच्या हाती दिली. पाच वर्षांत ती बंद पडली. पुढे बरीच वर्षं त्या युरोपात शिकवत राहिल्या. मग पन्नाशी उलटल्यावर परत येऊन, १९९८ मध्ये, नवरा हेल्मुट फोग्ट यांच्यासोबत तुबाब दियालाव या कोळ्यांच्या गावात 'एकोल दे साब्ल', म्हणजे वाळूची शाळा, सुरू केली. तिथल्या एका दालनात जमीन म्हणून चक्क वाळू आहे. आफ्रिकेच्या कानाकोपऱ्यातून नर्तक तिथे शिकायला येतात. २०२० मध्ये जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचं 'द राइट ऑफ स्प्रिंग' हे नृत्य तीसहून अधिक आफ्रिकी नर्तकांनी तिथेच बसवलं. करोनामुळे पहिला प्रयोग रद्द झाला, तेव्हा त्या नर्तकांनी ते समुद्रकाठच्या वाळूवर नाचून चित्रित केलं. स्वतः अकोन्यी २०१५ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, नवा एकल प्रयोग घेऊन उभ्या राहिल्या. २०२१ मध्ये व्हेनिस बिएनाले या इटलीतल्या मोठ्या कलामहोत्सवानं त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह पुरस्कार दिला.

आता माझं. काही वर्षं पॅरिसला होते, तेव्हा मी सबार शिकायला जायचे. सबार हा सेनेगलमधल्या वोलोफ लोकांचा ढोल, आणि त्यावरचा नाचही सबारच. एका हातात काठी, दुसरा हात उघडा, असा तो वाजवतात. पहिल्याच दिवशी वादकानं ढोलाचे बोल तोंडानं म्हणून दाखवले आणि मला आमच्या गुरूंची पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडानं म्हणणं, आठवून भरून आलं. नाचणारीचे पाय बघून तो वाजवायचा, अगदी तबल्याची संगत. फक्त, मी तत्कारात, म्हणजे कथकच्या पायांच्या कामात, जमिनीला धरून राहायला शिकलेली, आणि इथे सगळं हवेत: गुडघा छातीपाशी, हात भिरकावलेले.

शिकवणाऱ्या बाई डाकारच्या, साठीच्या पुढच्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे खुर्चीवर बसूनच शिकवायच्या. बोल म्हणायच्या, ऐन जागेवर एक खांदा उचलायच्या, आणि आम्ही बाराही जणी एकदम हवेत असायचो.