नाणेसंवाद : तांबडं पडलेलं चांदीचं नाणं

प्रश्न : ब्राउनश्वाइगमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात चांदीचं म्हणून एक पातळ नाणं घेतलं. एका बाजूला क्रूस असलेला गोल, त्यात 24 आकडा आणि काठाला झेडसारखं अक्षर, पुढे 1. दुसऱ्या बाजूला ‘फ्रिड उलर’ एवढंच वाचता येतं. कडा तांबड्या आहेत. नाणं खोटं का? टूथपेस्टने घासू का?

उत्तर : घासू नका, कृपा करून. वर्णनावरून हा ब्राउनश्वाइग-वोल्फेनब्युटेलच्या फ्रीडरिश उलरिश ड्यूकचा ग्रोशेन वाटतो, म्हणजे थालर या मोठ्या चांदीच्या नाण्याचा चोविसावा भाग. तेव्हा 2 हा आकडा झेडसारखा कोरत. म्हणजे काठावरचं ‘झेड 1’ हे 21, तुमच्या नाण्याचं साल 1621.

जर्मन मुलखात तीस वर्षांचं युद्ध 1618 मध्ये पेटलं आणि राज्याराज्यांना पैशाची घाई झाली. 1566 च्या नियमाप्रमाणे थालरमध्ये जवळजवळ 26 ग्रॅम शुद्ध चांदी असायला हवी होती. पण चिल्लर नाणी पाडायला मजुरी जास्त, म्हणून प्रामाणिकपणे पाडली तर तोटाच. मग चांगली नाणी वितळवून त्यात तांबं मिसळायला सुरुवात झाली. जर्मन लोक या काळाला ‘किपर उंड विपर’ म्हणतात. या ड्यूकच्या राज्यात तर आमेलुंग्सबोर्नच्या मठातही टांकसाळ चालली! हार्त्स डोंगरातल्या चांदीच्या खाणी हाताशी असलेल्या घराण्याने हे करावं, याचा मला आजही राग येतो.

तांबडेपणाचं कारण असं : ठसा मारण्याआधी चकत्या टार्टर (द्राक्षदारूच्या पिंपात साचणारा आंबट क्षार) आणि मिठाच्या पाण्यात उकळत. वरचं तांबं विरघळून चांदीची पातळ साय उरे. टांकसाळीतून नाणं लखलखीत निघे. हाताळून साय झिजली की आतलं तांबं उघडं पडे. तोवर ते मजुराच्या, शिपायाच्या, शाळामास्तरच्या पगारात गेलेलं असे. थालर असलेल्यांनी ते दडवून ठेवले. पुढे जुनं प्रमाण परत आलं आणि ही नाणी असणारे बुडाले.

तेव्हा तांबडी कड म्हणजे बनावटपणाचा पुरावा नव्हे. टूथपेस्टने उरलीसुरली सायही जाईल, आणि या नाण्याची सगळी हकिगत त्या सायीतच आहे. संग्राहक याच ड्यूकच्या भावाच्या, ख्रिस्टियानच्या, 1622 च्या थालरमागे धावतात. पाडरबोर्नच्या चर्चची चांदी वितळवून पाडलेला, ‘ईश्वराचा मित्र, पाद्र्यांचा शत्रू’ असं कोरलेला तो थालर देखणा आहेच. पण सामान्य माणसाचं युद्ध समजून घ्यायचं तर मी तुमचा ग्रोशेन हातात घेईन.

आम्लाची कसोटीही लावू नका. दशांश ग्रॅमपर्यंत वजन करा, दोन्ही बाजूंचे तिरप्या उजेडातले फोटो पाठवा आणि नाणं आम्लरहित कागदाच्या पाकिटात ठेवा. पीव्हीसीच्या पाकिटात नको.