शेअरचं नंतर बघू, आधी बाबांची पॉलिसी परत करा

पुण्याहून एका वाचकाचं पत्र आहे. वय 44, आयटीत नोकरी. अल्झायमरवर औषध शोधणाऱ्या एका छोट्या अमेरिकी कंपनीत त्यांनी 12 लाख घातलेत. औषधाच्या तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या टप्प्याच्या चाचणीचा निकाल दोन महिन्यांवर आलाय. त्याआधी वडिलांची एफडी मोडून आणखी 8 लाख घालू का, असा प्रश्न आहे. वडील 72 वर्षांचे, दोन वर्षांपूर्वी त्यांना अल्झायमरचंच निदान झालं. शेवटी एक ओळ: ‘बँकेने बाबांना गॅरंटीड पॉलिसी दिली आहे, हप्ता वर्षाला 6 लाख, 10 वर्षं. कागद 12 दिवसांपूर्वी आले, त्यामुळे तिकडची काळजी नाही.’

आधी शेअरचं. कसाव्हा सायन्सेस ही अशीच अमेरिकी कंपनी आठवा. तिच्या सिमुफिलाम या अल्झायमरवरच्या औषधावरून गुंतवणूकदारांत वर्षानुवर्षं हमरीतुमरी चालली. 2021 मध्ये शेअर 100 डॉलरच्या वर गेला आणि त्याच वर्षी संशोधनातल्या आकड्यांवर शंका घेणारा अर्ज एफडीए या अमेरिकी औषध नियामकाकडे गेला. नोव्हेंबर 2024 मध्ये सुमारे 800 रुग्णांवरच्या 52 आठवड्यांच्या चाचणीचा निकाल लागला: औषध आणि प्लासिबो (औषध नसलेली नुसती गोळी) यांत फरकच नाही. शेअर एका दिवसात 26 डॉलरवरून 4 वर आला. छोट्या अभ्यासातली सुधारणा मोठ्या चाचणीत टिकेलच असं नसतं. तुमचे 20 लाख तसेच घसरले तर हातात 3 लाख उरतील. जिंकलात तर तिप्पट धरू, 60 लाख. पण यशाची शक्यता दहात एक धरली तर या पैजेची सरासरी किंमत 9 लाखांच्या आत येते. त्यामुळे नवा पैसा घालायचा नाही. बाबांचं दुखणं रोज बघताना या औषधावर जीव का लागलाय ते मला समजतं. पण शेअर घेतल्याने औषध लवकर येणार नाही.

आता पॉलिसी. हिशेब तुमच्याच आकड्यांचा. बाबांची पेन्शन 38 हजार, औषधं आणि सांभाळणाऱ्या बाई मिळून खर्च 55 हजार. तूट महिन्याला 17 हजार, म्हणजे वर्षाला 2 लाख. पहिला हप्ता जाऊन एफडी उरली 40 लाख. त्यातले 8 तुम्ही घेतले तर 32. व्याज दोन-सव्वादोन लाख, बाहेर जाणार 8 लाख. पाचव्या वर्षी खडखडाट, आणि पॉलिसीचे निम्मे हप्ते अजून बाकी! ज्यांना पुढे चोवीस तास माणूस लागणार आहे, त्यांच्या गळ्यात बँकेने 10 वर्षांचा हप्ता बांधला. मला याचा संताप येतो.

कागद हातात आल्यापासून फ्री लूकचे, म्हणजे नको असलेली पॉलिसी परत करायचे, 30 दिवस असतात, तुमच्याकडे 18 उरलेत. बाबा सकाळी स्पष्ट बोलतात असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा त्यांना समजावून अर्जावर सही घ्या आणि तो थेट विमा कंपनीला द्या. बँकेतला माणूस ‘एक वर्ष थांबा’ म्हणेल, त्याचं ऐकू नका. स्टॅम्प ड्युटीसारखी किरकोळ रक्कम कापून पैसे परत मिळतात. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर पुण्यातच विमा लोकपालाचं कार्यालय आहे.

पैसे आले की 30 लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, आईला सहधारक करून. 8.2 टक्क्यांनी महिन्याला साधारण साडेवीस हजार पडतात, म्हणजे 17 हजारांची तूट भरून निघते. उरलेले 16 लाख एफडीतच राहू द्या, पुढच्या वाढत्या खर्चासाठी. बाबांना समजतंय तोवर सगळ्या खात्यांवर आईचं नाव आणि नॉमिनी बघून घ्या.

अर्ज उद्याच द्या. पोचपावतीवर तारखेचा शिक्का घ्या आणि मला कळवा. तुमच्या 12 लाखांतले किती विकायचे ते त्यानंतर बोलू.