‘टोनी’ कुणाला मिळतो? तुमचे प्रश्न, पडद्यामागून उत्तरं

न्यूयॉर्कच्या टोनी पुरस्कारांचा मागच्या अंकात ओझरता उल्लेख केला होता, त्यावर बरीच पत्रं आली. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच. मी नाटकांच्या ध्वनीचं काम करणारी बाई आहे, त्यामुळे उत्तरं प्रेक्षागृहाच्या मागच्या कोपऱ्यातून, माझ्या मिक्सरच्या टेबलावरून आलेली आहेत.

ताई, हा टोनी कोण? आणि हे नाटकांचे ऑस्कर, असं म्हणतात ते बरोबर का?
— नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी

टोनी ही बाई होती. अँटोनेट पेरी. आधी अभिनेत्री, मग दिग्दर्शिका आणि निर्माती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन थिएटर विंग या संस्थेचा भार तिनं उचलला होता. सैनिकांना फुकट करमणूक आणि खाणंपिणं मिळावं म्हणून ही संस्था ‘स्टेज डोअर कँटीन’ चालवायची. १९४६ च्या जूनमध्ये पेरी गेली आणि पुढच्याच वर्षी, ६ एप्रिल १९४७ ला, वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात तिच्या नावाचा पहिला सोहळा झाला. लोकांनी तो रेडिओवर ऐकला. आज दिसतं ते पदक तेव्हा नव्हतंच. ते १९४९ साली आलं, एका बाजूला हसरा आणि रडका मुखवटा, दुसऱ्या बाजूला पेरीचा चेहरा.

मला त्या पहिल्या वर्षातली एक गोष्ट फार आवडते. आर्थर मिलर, इन्ग्रिड बर्गमन, हेलन हेज अशा मंडळींच्या यादीत डोरा चेंबरलेन हेही नाव आहे. ही बाई मार्टिन बेक थिएटरच्या तिकीट खिडकीवर बसायची. लोकांशी कायम सौजन्यानं वागते म्हणून तिचा सन्मान झाला. एका म्युझिकलचं, म्हणजे गाण्या-नाचाच्या नाटकाचं, किचकट नेपथ्य उभारणाऱ्या कारागिरालाही त्याच रात्री गौरवलं. पुढे बरीच वर्षं रंगमंच तंत्रज्ञांसाठी वेगळा टोनी होता, तो साठच्या दशकात बंद पडला. पुरस्कार देणाऱ्यांची नजर विंगेत कुठवर पोचते, यावरून मी त्यांना जोखते. तू विद्यार्थिनी आहेस, तूही तसंच जोखायला शीक.

ऑस्करचं म्हणशील तर तोलामोलानं बरोबर, पण एक मोठा फरक आहे. तो तिसऱ्या पत्राच्या उत्तरात येतो.

मी हौशी नाटकांना साउंड ऑपरेट करतो. टोनीवाल्यांनी मध्यंतरी ध्वनीचा पुरस्कारच काढून टाकला होता असं ऐकलं. खरं आहे का?
— एक साउंडवाला

खरं आहे, आणि मला त्याचा आजही संताप येतो.

मुळात हा पुरस्कार आला तोच २००८ साली, सोहळा सुरू होऊन साठ वर्षं उलटल्यावर. नाटकाचा ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ला मिळाला, म्युझिकलचा ‘साउथ पॅसिफिक’ला. आणि जून २०१४ मध्ये समितीनं दोन्ही बंद केल्याचं जाहीर केलं. कारणं बाहेर आली ती अशी : पुष्कळ मतदारांना ध्वनी कसा पारखायचा तेच कळत नाही, आणि काहींच्या मते ही कला नाही, तांत्रिक काम आहे. रंगकर्मी खवळले. निषेधाच्या अर्जावर हजारोंनी सह्या केल्या.

त्याचे परिणाम बघ. ‘द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम’ या नाटकातला पंधरा वर्षांचा मुलगा एकटा लंडनला येतो आणि शहराचा गोंगाट त्याच्या अंगावर धावून येतो. प्रेक्षकाला त्या मुलाच्या डोक्यात शिरवायचं काम ध्वनी आणि प्रकाश मिळून करतात. लंडनच्या ऑलिव्हिए पुरस्कारांत २०१३ साली या नाटकाला ध्वनीचा पुरस्कार मिळाला. तेच नाटक ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मोठ्या व्यावसायिक नाट्यगृहांत गेलं आणि २०१५ साली त्यानं पाच टोनी घेतले. नाटकाचा मिळाला, दिग्दर्शनाचा मिळाला, अभिनयाचा, नेपथ्याचा, प्रकाशयोजनेचा मिळाला. ध्वनीचा नाही, कारण तो विभागच उरला नव्हता. पुढच्या वर्षीच्या सोहळ्यात ‘हॅमिल्टन’ आलं. १६ नामांकनं, ११ टोनी. अख्खं म्युझिकल रॅपच्या वेगानं धावतं, एक शब्द निसटला तर पुढच्या चार ओळींचा अर्थ जातो. तो प्रत्येक शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणाऱ्याला न्यूयॉर्कमध्ये नामांकनाचीसुद्धा सोय नव्हती. लंडननं २०१८ साली त्याच कामाला ऑलिव्हिए दिला.

आता ‘तांत्रिक काम’ म्हणजे काय, ते तुला सांगायला नको, पण बाकीच्या वाचकांसाठी लिहिते. म्युझिकलमध्ये प्रत्येक नटाचा बिनतारी माईक बहुतेक वेळा केसांच्या कडेला, कपाळाच्या वर दडवलेला असतो. वीस जण रंगमंचावर आहेत म्हणून वीस माईक उघडे ठेवता येत नाहीत, आवाजाचा चिखल होतो. म्हणून ऑपरेटर एकेका वाक्याला एकेक माईक उघडतो आणि वाक्य संपताच बंद करतो. नटानं श्वास घेतला की बोटानं फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, वर न्यायला लागलं पाहिजे. उशीर झाला तर पहिलं अक्षर कापलं जातं, घाई झाली तर घशाची खरखर ऐकू जाते. दोन-अडीच तास हे चालतं, आठवड्याला आठ प्रयोग.

दुसरी गोष्ट त्याहून नाजूक. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचापासून ३४ मीटरवर बसलेल्या माणसाला नटाचा खरा आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं उशिरा पोचतो, आणि त्याच्या डोक्यावरच्या स्पीकरमधून मात्र लगेच. मग त्याला वाटतं, नट छतातून बोलतोय. यासाठी मागच्या स्पीकरचा आवाज मोजून-मापून मागे रेटावा लागतो, खऱ्या आवाजाच्या अगदी किंचित मागे. हे जमलं की कान फसतो आणि आवाज नटाच्या तोंडूनच आल्यासारखा वाटतो. किती मागे रेटायचा याचं गणित आहे, पण कुठल्या प्रसंगात तो जवळचा वाटू द्यायचा आणि कुठल्या प्रसंगात दूरचा, हे गणितात बसत नाही. तिथं नाटक कळावं लागतं. चांगलं झालं तर प्रेक्षकाच्या ध्यानातही येत नाही, आणि ध्यानात आलं नाही म्हणून ते काम झालंच नाही असं मतदारानं म्हणायचं, यावर माझा आक्षेप आहे.

शेवटी २०१७ मध्ये पुरस्कार परत आणत असल्याची घोषणा झाली. या वेळी शहाणपण असं केलं, की नामांकनं नेहमीची समिती काढेल, पण अंतिम मत ज्यांना या कामाची जाण आहे अशाच मतदारांचं. २०१८ साली ‘हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड’ आणि ‘द बँड्स व्हिजिट’ यांना तो मिळाला. मधल्या तीन सोहळ्यांतल्या लोकांचं काय, याला उत्तर नाही. तू काम करत राहा रे, आणि क्यू शीट, म्हणजे कुठला आवाज कधी द्यायचा त्याची यादी, नीट लिहीत जा.

मतदार खरंच सगळी नाटकं बघतात का? आणि एकदा एकच उमेदवार असताना पुरस्कार दिला म्हणे, मग स्पर्धा कसली?
— निवृत्त शिक्षक

सर, तो मोठा फरक हाच. सिनेमा घरी पाठवता येतो, नाटकाला जाऊन खुर्चीत बसावं लागतं. टोनीचे मतदार आठशेच्या वर आहेत : निर्माते, नाट्यगृहांचे मालक, नट-दिग्दर्शक-लेखक-नेपथ्यकारांच्या संघटनांचे पदाधिकारी, काही समीक्षक. ज्या विभागात मत द्यायचं, त्यातलं प्रत्येक नामांकित काम पाहिलेलं असलं पाहिजे, असा नियम आहे. एक जरी राहिलं तरी त्या विभागापुरतं मत देता येत नाही. माझ्या मते या पुरस्काराची सगळी पत या एका नियमावर उभी आहे.

एकाच उमेदवाराची गोष्टही खरी. मार्च २०२० मध्ये साथीमुळे ब्रॉडवे बंद झाला, हंगाम अर्धवट राहिला. म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेत्याच्या विभागात समितीनं ‘मूलाँ रूज’च्या आरोन ट्व्हेटला तेवढं नामांकन दिलं. पण बिनविरोध निवडून आला असं झालं नाही. साठ टक्के मतदारांनी ‘होय’ म्हटलं तरच मिळणार, अशी अट होती. ती त्यानं पार केली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये पुरस्कार घेतला. याउलट १९८५ साली म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेता आणि अभिनेत्रीचे विभाग तोलाचं काम नाही म्हणून त्या वर्षापुरते वगळलेच होते. मला दोन्ही योग्य वाटतात. दरवर्षी प्रत्येक कप्पा भरलाच पाहिजे असं कुठे आहे?

प्रमुख आणि सहाय्यक भूमिका कशी ठरवतात? भूमिकेच्या लांबीवरून?
— हौशी नट

लांबीवरून नाही. जाहिरातीत तुमचं नाव नाटकाच्या नावाच्या वर असेल तर प्रमुख, खाली असेल तर सहाय्यक, हा मूळ हिशेब. अन्याय होतोय असं वाटलं तर निर्माते समितीकडे दाद मागतात आणि समिती विभाग बदलून देते.

छोट्या नाट्यगृहात उत्तम नाटक झालं तर त्याला टोनी मिळतो का?
— प्रायोगिक नाटकवाले

नाही. मॅनहॅटनमधली ठरावीक ४१ नाट्यगृहं म्हणजे ब्रॉडवे, प्रत्येकात किमान ५०० खुर्च्या. त्यातलं छोटं म्हणजे हेज थिएटर, सहाशेच्या आत. हेलन हेज पहिल्या वर्षीची विजेती, तिचंच हे नाव. ४९९ खुर्च्यांच्या जागेत नाटक केलंत तर ते ऑफ-ब्रॉडवे. त्याला ओबी वगैरे पुरस्कार आहेत, टोनी नाही.

तुमच्या पत्रात राग आहे आणि तो मला पटतो. ‘हॅमिल्टन’ आधी २०१५ च्या सुरुवातीला पब्लिक थिएटरमध्ये, ऑफ-ब्रॉडवेच झालं. तिथंही ते ‘हॅमिल्टन’च होतं, पण टोनीच्या लेखी ते जन्माला आलं रिचर्ड रॉजर्स थिएटरमध्ये गेल्यावर. ज्यांना असं मोठ्या घरात हलवणारा निर्माता भेटत नाही, त्यांचं काम या सोहळ्याला दिसत नाही. एका प्रादेशिक, बहुतेकदा न्यूयॉर्कबाहेरच्या नाट्यसंस्थेला दरवर्षी विशेष टोनी देतात ही चांगली गोष्ट, पण शहरातल्याच छोट्या जागांचा प्रश्न त्यानं सुटत नाही.

टोनी न मिळालेलं नाटक लवकर बंद पडतं का?
— नियमित वाचक

पुष्कळदा पडतं, कारण तिथला रोजचा खर्च अवाढव्य असतो. पण नियम नाही. २००४ साली सर्वोत्कृष्ट म्युझिकल ठरलं ‘अॅव्हेन्यू क्यू’. हरलं ‘विकेड’. ते ब्रॉडवेच्या सगळ्यात मोठ्या, गर्शविन थिएटरमध्ये अजून चालू आहे.

भारताशी संबंधित काही टोनीपर्यंत गेलंय का?
— एक आजी-नात, दोघींचं पत्र

गेलंय. ए. आर. रहमान यांचं संगीत असलेलं ‘बॉम्बे ड्रीम्स’ त्याच २००४ च्या सोहळ्यात होतं. तीन नामांकनं : नृत्यदिग्दर्शन, वेशभूषा आणि वाद्यवृंद संयोजन. नृत्यदिग्दर्शनात फराह खान यांचं नाव होतं. मिळालं एकही नाही.

पण नातीला मी वाघाची गोष्ट सांगेन. ‘लाइफ ऑफ पाय’मध्ये पाँडिचेरीहून निघालेला मुलगा बोट बुडाल्यावर वाघासोबत होडीत अडकतो. रंगमंचावर तो वाघ बाहुली आहे. एका वेळी तीन जण त्याला चालवतात, एक डोकं, एक छाती, एक मागचं अंग, आणि तिघांचा श्वास एक झाला की वाघ श्वास घेतो. लंडनमध्ये २०२२ साली ऑलिव्हिएचा सहाय्यक अभिनेत्याचा पुरस्कार हा वाघ साकारणाऱ्या सात जणांना मिळून दिला. सात माणसं, एक वाघ, एक पुरस्कार! पुढच्या वर्षी टोनीत या नाटकाला नेपथ्य, प्रकाश आणि ध्वनी असे तीन पुरस्कार मिळाले, पण वाघाला अभिनयाचं नामांकनसुद्धा नव्हतं. ही बाब लंडननं जास्त चांगली जाणली, असं माझं ठाम मत आहे.

सोहळा बघायचा तर काय बघू?
— पहिल्यांदाच बघणार असलेली वाचक

सोहळा जूनमध्ये असतो. टीव्हीवरच्या मुख्य कार्यक्रमात म्युझिकलमधली गाणी आणि अभिनयाचे पुरस्कार दिसतात. नेपथ्य, वेशभूषा, प्रकाश, ध्वनी हे बहुतेक त्याआधीच्या तासाभरात उरकतात, अलीकडे तो भाग वेगळा ऑनलाइन दाखवतात. तुम्ही तिथूनच सुरुवात करा. आणि मुख्य कार्यक्रमात गाणं चालू असेल तेव्हा नटाच्या कपाळाकडे नीट पाहा, माईक सापडतो का ते मला लिहून कळवा.