पहिली कॉपी पकडलीस, आता पुढे काय

परवा रात्री तुझा मेसेज वाचला, दोनदा वाचला. नववीच्या सहामाहीत त्या मुलाच्या पॅडखाली चिठ्ठी सापडली, तू पेपर काढून घेतलास, आणि आता स्टाफरूममध्ये अर्धे लोक म्हणतायत सोडून द्या मॅडम कशाला डोक्याला ताप, अर्धे म्हणतायत वर्गासमोर उभा करा म्हणजे बाकीचे सरळ होतील. दोन्ही ऐकू नकोस.

माझ्या हातून काय झालं ते आधी सांगतो. आठ-दहा वर्षं झाली, नववीचाच वर्ग, विज्ञानाचा पेपर. कंपासपेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेली चिठ्ठी, पंख्यासारखी घडी, अक्षर मुंगीएवढं पण एकदम सुबक. मी भर वर्गात ओरडलो, दंडाला धरून हेडसरांकडे नेलं, वडिलांना फोन लावला. वडील साइटवरून तसेच आले, हाताला सिमेंट, आणि ऑफिसात सगळ्यांदेखत पोराच्या कानफटात लावली. मी मधे पडलो नाही. संध्याकाळी अहवाल लिहायला चिठ्ठी उघडली तर प्रकाशसंश्लेषणाचं उत्तर, आणि पेपरात तो प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याला एकट्याला बसवून म्हटलं, वाच बरं हे. प्र... का... श... करत तिथेच अडकला. चिठ्ठी बहिणीने लिहून दिलेली, त्याला स्वतःची कॉपी वाचता येत नव्हती गं.

मग मी त्याचं आधीच्या इयत्तेचं मूल्यमापनाचं रजिस्टर काढलं. वर्णनात्मक नोंद होती, "समजपूर्वक वाचन करतो". खालच्या ओळीतल्या मुलालाही तीच, त्याच्या खालच्याही मुलीला तीच, तयार नोंदींच्या पुस्तिकेतून उतरवलेली. आठवीपर्यंत नापास करायचं नाही हा नियम मला कधीच वाईट वाटला नाही, पण त्याच्या सोबत आकारिक मूल्यमापन, म्हणजे मूल शिकतंय का ते वर्षभर बघत राहणं, करायचं होतं, जो मागे पडेल त्याला त्याच वर्षी जादा शिकवायचं होतं, आणि ते बऱ्याच ठिकाणी फक्त कागदावर झालं. आता पाचवी-आठवीला वार्षिक परीक्षा परत आलीय ते ठीक, पण रजिस्टर तसंच भरलं तर काय फरक पडणार. दहावीच्या अंतर्गत २० गुणांचंही तेच, प्रकल्प वही गाइडवरून उतरवलेली, आणि कुणाला १८ च्या खाली द्यायचं नाही असं आधीच ठरलेलं. मुलं हे सगळं बघत असतात, त्यांना पक्कं माहीत असतं कुठली सही खरी आणि कुठली नुसती.

तरी सोडून देऊ नकोस. शेजारच्या बाकावरच्या मुलीने रात्र जागून अभ्यास केलाय, तिने तुला चिठ्ठी उचलताना पाहिलंय.

यापुढे असं झालं तर आवाज न चढवता चिठ्ठी घे, उत्तरपत्रिकेवर जिथपर्यंत लिहिलंय तिथे रेघ मारून वेळ आणि सही कर, नवीन कोरा पेपर दे आणि पुढे लिहू दे. शाळेच्या परीक्षेत एवढं आपल्या हातात असतं, फक्त मुख्याध्यापकांच्या कानावर त्याच दिवशी घाल. बोर्डाच्या परीक्षेची गोष्ट वेगळी, तिथे थेट केंद्रसंचालकांकडे जायचं, १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधाचा कायदा आहे, तिथे दयामाया आपण ठरवायची नसते. आणि तिथे कुणी तुलाच सांगितलं की जरा बाहेर जाऊन उभ्या राहा मॅडम, निकाल लागला पाहिजे, तर उभी राहू नकोस. बदलीची, पगारवाढीची भीती घालतील. तरी नाही.

हात उचलायचा नाही हे तुला सांगायची गरज नाही, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बसतं, वर्गासमोर उभं करून लाज काढणं मी त्यातच धरतो. पालकांना बोलाव, पण आधी मुलाशी बोलून झाल्यावर, आणि ते आले की पहिलं वाक्य तू बोल, म्हणजे त्यांचा हात उठायच्या आत त्यांना कळेल की शाळेने यावर काहीतरी ठरवलंय. ठरवायचं काय, तर त्या विषयाचे गुण शून्य, आणि पंधरा दिवसांनी वेगळा पेपर, आणि मधल्या दिवसांत रोज अर्धा तास तू त्याच्यासोबत. हे अर्ध्या तासाचं जड जाईल, तुझ्याकडे पाच वर्ग आहेत, वर बीएलओचं, म्हणजे मतदार याद्यांचं काम, मला माहीत आहे. पण त्याच्याशिवाय शून्य गुण देण्यात काही अर्थ नाही.

माझ्या त्या पोराला मी दिवाळीनंतर बाराखडीपासून बसवलं. दहावीच्या फॉर्मआधीच त्याने शाळा सोडली, वडिलांसोबत साइटवर जायला लागला. ती कानफटात अजून माझ्या कानात आहे.

सोमवारी त्याला बोलावशील तेव्हा चिठ्ठी सोबत ठेव आणि सगळ्यात आधी त्याच्याकडून वाचून घे. काय झालं ते कळव, मी रात्री दहापर्यंत जागा असतो.